पाली क्रियापदाचा धातू सापडत नाही तेव्हा

बुद्धाच्या पाली उपदेशांपैकी महासतिपट्ठान सुत्तातली ही ओळ विपश्यनेच्या शिबिराला जाऊन आलेल्यांच्या कानात बहुधा बसलेली असते: ‘गच्छन्तो वा गच्छामीति पजानाति, ठितो वा ठितोम्हीति पजानाति, निसिन्नो वा निसिन्नोम्हीति पजानाति, सयानो वा सयानोम्हीति पजानाति.’ चालत असताना ‘चालतो आहे’ हे साधक जाणतो. उभा, बसलेला, आडवा असताना तेही जाणतो. अर्थ सरळ लागतो. पण तीच ओळ वहीत उतरवून एकेका क्रियापदाचा धातू शोधायला बसलं की गाडी अडते.

बडोद्यात आम्ही काही मंडळी रविवारी दांडिया बाजारातल्या एका घरी पाली वाचतो. घरात मराठी, शाळा गुजराती माध्यमाची, एखाद्या ताईंनी विद्यापीठात संस्कृत केलेलं, एखादे काका निवृत्तीनंतर पहिल्यांदाच व्याकरणाला हात लावणारे, असा सगळा मेळ. नवं कुणी आलं की थोड्याच दिवसांत हा प्रश्न येतो. कोशात ‘गच्छति’ मिळालं, ‘ति’ काढला, ‘गच्छ’ हा धातू झाला. मग ‘गेला’ म्हणायला ‘गच्छितो’ का नाही, ‘गतो’ कुठून आलं? ‘ठितो’चा धातू ‘ठि’ धरला तर कोशात काहीच का मिळत नाही? ‘निसिन्नो’ला तर हातच लावायला नको वाटतं.

एकदा उत्तर देऊन हा प्रश्न मिटत नाही, कारण दर वेळी तो नवा शब्द घेऊन येतो. म्हणून इथे सगळं एकत्र लिहितो आहे.

‘ति’ काढल्यावर काय उरतं

‘ति’ काढल्यावर जे उरतं ते अंग. धातू त्याच्याही आत असतो. ‘गच्छति’मध्ये धातू ‘गम’ आहे आणि वर्तमानकाळाचे प्रत्यय लावण्यासाठी त्याच्या जागी ‘गच्छ’ हे अंग आलं आहे. या अंगावर मोजकीच रूपं उभी राहतात: वर्तमानकाळ (गच्छति, गच्छामि), आज्ञार्थ (गच्छतु), विध्यर्थ (गच्छेय्य) आणि ‘जाणारा, जात असलेला’ या अर्थाचं वर्तमानकालवाचक विशेषण (गच्छन्त). बाकीचा बराचसा पसारा थेट धातूवर उभा असतो: अगमासि, गमिस्सति, गन्तुं, गन्त्वा, गन्तब्ब, गत, गमन.

आता सुरुवातीची ओळ पुन्हा बघा. ‘गच्छन्तो’ आणि ‘गच्छामि’ अंगावरून आले. ‘ठितो’ धातूवरून आला: धातू ‘ठा’, त्याला ‘त’, आणि आ-चा इ झाला. ‘निसिन्नो’ म्हणजे नि + सद + न. या धातूचं अंग ‘सीद’, म्हणून वर्तमानकाळात ‘निसीदति’. ‘सिन्न’ मात्र ‘सद’वरून. ‘सयानो’ पुन्हा अंगावरून: धातू ‘सी’, अंग ‘सय’, त्याला ‘आन’. ‘पजानाति’मध्ये धातू ‘ञा’, अंग ‘जाना’. या एका ओळीत दोन्ही जाती शेजारीशेजारी बसल्या आहेत, म्हणून पहिला धडा द्यायचा तर मी हीच ओळ निवडतो.

मग ‘तिट्ठन्तो’ असं रूप होतच नाही का? होतं की. करणीयमेत्त सुत्तात म्हणतोच आपण, ‘तिट्ठं चरं निसिन्नो वा, सयानो वा यावतास्स विगतमिद्धो’. हा ‘तिट्ठं’ म्हणजे ‘तिट्ठन्त’चंच प्रथमेचं एकवचन. सतिपट्ठानात ‘ठितो’ वापरला, मेत्त सुत्तात ‘तिट्ठं’. व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही बरोबर, एक धातूवरून, एक अंगावरून.

‘ञा’ची गंमत मराठी माणसाला फुकट मिळते. ‘जाण’ आणि ‘ज्ञान’ हे दोन्ही शब्द आपण वापरतो. पहिला अंगाचा वारस, दुसरा धातूचा. पालीत ‘पजानाति’ आणि ‘पञ्ञा’ यांचं नातं नेमकं तेच आहे. कोशात ते दूर दूर छापलेले असतात, म्हणून ओळखू येत नाहीत.

पाच रूपांची पट्टी

धातू बघून अंग कसं होईल याचा अंदाज बांधायचा आणि त्यावरून पुढची रूपं घडवायची, या वाटेने जाऊ नका. पाठ्यपुस्तकं तशी वाट दाखवतात, कारण लिहायला ती सोपी असते. वाचणाऱ्याला उलटं जायचं असतं: समोर रूप आहे, मागे धातू शोधायचा आहे. त्यासाठी प्रत्येक नव्या क्रियापदाची पाच रूपं एका ओळीत लिहून ठेवावीत: वर्तमान, भूत (पाली वैयाकरण त्याला अज्जतनी म्हणतात), भविष्य, ‘करून’ या अर्थाचं त्वान्त, आणि शाळेतलं क.भू.धा.वि. (कर्मणी भूतकालवाचक धातुसाधित विशेषण)

गम: गच्छति, अगमासि, गमिस्सति, गन्त्वा, गत
ठा: तिट्ठति, अट्ठासि, ठस्सति, ठत्वा, ठित
कर: करोति, अकासि, करिस्सति, कत्वा, कत
सु: सुणाति, अस्सोसि, सोस्सति, सुत्वा, सुत
दा: देति, अदासि, दस्सति, दत्वा, दिन्न
ञा: जानाति, अञ्ञासि, जानिस्सति, ञत्वा, ञात
दिस: पस्सति, अद्दस, दक्खति, दिस्वा, दिट्ठ
लभ: लभति, अलत्थ, लभिस्सति, लद्धा, लद्ध

सुत्तांच्या गद्यात हीच क्रियापदं इतक्या वेळा येतात की एवढ्या ओळी पाठ झाल्या तरी वाचनाचा वेग बदलतो. ‘एवं मे सुतं’ मधला ‘सुतं’ चौथ्या ओळीच्या शेवटी बसलेला दिसेल.

भविष्यकाळाच्या रकान्यात आपल्याला, म्हणजे बडोदेकरांना, एक सोय आहे जी पुण्याच्या माणसाला नाही. मराठीचा भविष्यकाळ ‘ल’वर गेला: करील, जाईल. गुजरातीने मात्र जुना ‘स्स’ सोडला नाही. पालीतलं ‘करिस्सति’ प्राकृतात ‘करिस्सइ’ झालं आणि गुजरातीत ‘करशे’. मांडवीत भाजी घेताना जो ‘श’ दिवसातून कितीदा तरी तोंडात येतो, तोच हा. आमच्याकडे गुजराती माध्यमात शिकलेल्या मंडळींना भविष्यकाळ ओळखायला कधी शिकवावाच लागत नाही.

‘दिस’च्या ओळीत ‘पस्सति’ बघून प्रश्न पडेल. ‘दिस’चं ‘पस्स’ कसं झालं? पाली वैयाकरणांचं उत्तर सरळ आहे: ‘दिस’च्या जागी ‘पस्स’ हा आदेश, म्हणजे बदली रूप, येतो, जसा ‘गम’च्या जागी ‘गच्छ’, ‘पा’च्या जागी ‘पिव’. आजचे भाषाशास्त्रज्ञ म्हणतील की मुळात हे दोन वेगळे धातू आहेत आणि एकमेकांच्या रिकाम्या जागा भरतात. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. वाचणाऱ्याने पट्टी पाठ करावी आणि पुढे जावं.

याच पट्टीने आणखी एक खड्डा टळतो. दस्सति, दस्सेति आणि दिस्सति हे तीन शब्द सख्खी भावंडं वाटतात. ‘दस्सति’ म्हणजे ‘देईल’, धातू ‘दा’. ‘दस्सेति’ म्हणजे ‘दाखवतो’ आणि ‘दिस्सति’ म्हणजे ‘दिसतो’, दोन्हींचा धातू ‘दिस’. पहिल्याचा दिसण्याशी काडीचा संबंध नाही.

संस्कृत शिकलेल्यांची वेगळी अडचण

ज्यांना संस्कृत येतं ते सुरुवातीला सुसाट जातात आणि नंतर जास्त अडतात. त्यांना धातूंच्या दहा गणांची, म्हणजे गटांची, सवय असते. कच्चायन या पाली वैयाकरणाच्या परंपरेत गण सात: भूवादि, रुधादि, दिवादि, स्वादि, कियादि, तनादि, चुरादि. संस्कृतातले अदादि, जुहोत्यादि, तुदादि इथे वेगळे शोधू नयेत. ‘याति’, ‘ददाति’, ‘तुदति’ ही सगळी भूवादिमध्येच सामावली आहेत. कच्चायनात ‘गह’ धातूसाठी ‘गहादितो प्पण्हा’ असं वेगळं सूत्र आहे, त्यातून ‘गण्हाति’ होतं. त्यामुळे कुणी आठ गण मोजले तर भांडत बसू नये.

खरी पंचाईत पुढे आहे. वर सांगितलेली अंग आणि धातूची वाटणी संस्कृतात काटेकोर पाळली जाते. पालीत अंग पाझरतं. वर्तमानकाळाचं अंग वापरून वापरून इतकं ओळखीचं झालं की लोकांनी बाकीची रूपंही त्याच्यावरच घडवली. म्हणून ‘गमिस्सति’ आहे आणि ‘गच्छिस्सति’ही आहे. ‘सोतुं’ आहे, ‘सुणितुं’ही आहे. ‘ञत्वा’ आणि ‘जानित्वा’, ‘भुत्वा’ आणि ‘भुञ्जित्वा’, ‘दिस्वा’ आणि ‘पस्सित्वा’. पट्टीत ‘ञा’च्या ओळीत मी ‘जानिस्सति’ लिहिलं आहे ते याच पाझरण्याचं उदाहरण. पालीत असं रूप दिसलं की संस्कृतवाले ‘हे अशुद्ध आहे’ म्हणून पानाच्या कडेला खूण करतात. खूण करायचीच असेल तर ‘अंगावरून’ एवढीच करावी.

संस्कृतातला दुसरा नियमही इथे मोडतो. उपसर्ग असला की ‘त्वा’ नको, ‘य’ हवा, असं शाळेत घोटून घेतलेलं असतं. पालीत ‘उपसङ्कमित्वा’, ‘अभिवादेत्वा’ बिनदिक्कत चालतं. ‘य’वालीही रूपं आहेतच (आदाय, पहाय, निस्साय, आगम्म), पण दोन्हींत कडक सीमारेषा नाही.

‘पटिच्च’ हे या ‘य’वाल्यांतलं सर्वांत फसवं. पटिच्चसमुप्पाद हा शब्द सगळ्यांना माहीत, पण ‘पटिच्च’ हे क्रियापदाचं रूप आहे हे कित्येकांना सांगितल्यावरच कळतं. पटि + इ, धातू फक्त एक स्वर. मध्ये त् आणि पुढे य. त्य-चा च्च झाला. वर्तमानकाळात ‘पच्चेति’. म्हणजे ‘च्च’मध्ये धातूचं एकही अक्षर नाही, धातू त्याच्या आधीच्या इकारात आहे.

शेवटचं अक्षर नाहीसं झालं असेल तर

आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांतले बहुतेक याच जातीचे असतात, म्हणून इथे जरा थांबतो.

दिवादि गणात धातूला ‘य’ लागतो. कर्मणी रूपातही ‘य’ लागतो. आणि पालीला जोडाक्षरातला ‘य’ फारसा सोसत नाही. तो मागच्या व्यंजनात मिसळतो आणि दोघांचं मिळून एक दुहेरी व्यंजन होतं. धातूचं शेवटचं अक्षर ओळखू येत नाही ते यामुळे. द् + य चं ज्ज: पद, पज्जति. ध् + य चं ज्झ: बुध, बुज्झति. त् + य चं च्च: नत, नच्चति. न् + य चं ञ्ञ: मन, मञ्ञति, हन, हञ्ञति. भ् + य चं ब्भ: लभ, लब्भति. स् + य चं स्स: दिस, दिस्सति. च-ला य लागला तर च्च होतो: मुच, मुच्चति; वच, वुच्चति.

हे पाठ करायची गरज मराठी माणसाला पडू नये, कारण यातून आलेले शब्द तो रोज बोलतो. अद्य, अज्ज, आज. संध्या, सञ्झा, सांज. नृत्यति, नच्चति, नाचणे. वाद्यते, वज्जति, वाजणे. युध्यते, युज्झति, झुंजणे. उत्पद्यते, उप्पज्जति, उपजणे. द्य-ची ‘ज’ आणि ध्य-ची ‘झ’ किंवा ‘ज’ ही वाट आपल्या जिभेने कधीच चालून झालेली आहे. ‘ज्ज’ दिसला की मनात ‘आज’ म्हणा आणि ‘द’ शोधा. अपवाद आहेत: ‘युज’चं कर्मणी ‘युज्जति’ होतं, तिथे मुळातच ‘ज’ आहे. पण पहिला अंदाज ‘द’चाच असू द्या.

आता ही गाथा घ्या. अंत्यविधीच्या वेळी सगळे म्हणतात:

अनिच्चा वत सङ्खारा, उप्पादवयधम्मिनो;
उप्पज्जित्वा निरुज्झन्ति, तेसं वूपसमो सुखो.

‘उप्पाद’ आणि ‘उप्पज्जित्वा’ एकाच धातूचे आहेत. दोन्हींत उ + पद. ‘उप्पाद’मध्ये धातू उघडा आहे, फक्त स्वर लांबला. ‘उप्पज्जित्वा’मध्ये पद + य चं ‘पज्ज’ हे अंग झालं आणि त्यालाच ‘इत्वा’ लागला. म्हणजे अंग पाझरलं, आणि उपसर्ग असूनही ‘त्वा’ आला. मघाचे दोन्ही मुद्दे एकाच शब्दात. त्याचं क.भू.धा.वि. मात्र थेट धातूवरून, ‘उप्पन्न’. ‘निरुज्झन्ति’ म्हणजे नि + रुध + य. तोच धातू ‘निरोध’मध्ये उघडा दिसतो. ‘रुध’चं साधं कर्तरी अंग ‘रुन्ध’, म्हणून ‘रुन्धति’ म्हणजे अडवतो आणि ‘रुज्झति’ म्हणजे अडवला जातो. ‘सङ्खारा’मध्ये सं + कर, संस्कृतात मध्ये जो ‘स्’ येतो त्याच्यामुळे ‘क’चा ‘ख’ झाला. ‘वूपसमो’ म्हणजे वि + उप + सम. चार चरणांत क्रियापद एकच आहे, पण धातू जागोजागी.

रुधादि गणाचा उलटा प्रकार: तिथे अंगात अनुनासिक घुसतं. छिद, छिन्दति. भुज, भुञ्जति. मुच, मुञ्चति. सिच, सिञ्चति. धातू हवा असेल तर ते काढून टाका. पुरावा क.भू.धा.वि. देतं: भुत्त, मुत्त, सित्त, यांत अनुनासिक नाही.

आणि क.भू.धा.वि.मध्येही शेवटचं अक्षर विरघळतं. बुध + त, बुद्ध. लभ + त, लद्ध. मुच + त, मुत्त. वच + त, वुत्त. दह + त, दड्ढ. पच-चं तर ‘पक्क’. यांतले बुद्ध, लब्ध, मुक्त मराठीत संस्कृतातून आलेले आहेतच, त्यामुळे फार अडत नाही.

शब्दाच्या सुरुवातीला गोंधळ असेल तर

‘एवं भन्तेति खो ते भिक्खू भगवतो पच्चस्सोसुं.’ हे वाक्य सुत्तांच्या सुरुवातीला सतत येतं आणि ‘पच्चस्सोसुं’ कोशात ‘पच्च’खाली शोधून लोक थकतात. फोड अशी: पति + अ + सु + भूतकाळाचा अनेकवचनी प्रत्यय. मधला ‘अ’ भूतकाळाची खूण आहे. तो उपसर्गाच्या आधी न येता उपसर्ग आणि धातू यांच्या मध्ये येतो. पति + अ चं ‘पच्च’ झालं. कोशात बघायचं ‘पटिस्सुणाति’. तसंच ‘अब्भञ्ञासि’: अभि + अ + ञासि, कोशात ‘अभिजानाति’.

नुसता ‘अ’ सुरुवातीला असला की दुसरी फसगत. अगमासि, अकासि, अवोच, अट्ठासि यांतला ‘अ’ नकाराचा नाही. आणि तो कायम असतोच असंही नाही: ‘उपसङ्कमि’, ‘निसीदि’ हे भूतकाळ ‘अ’शिवायच वावरतात.

मग ‘अस्सोसि’मध्ये दोन ‘स’ का? धातू तर ‘सु’. कारण तो मुळात ‘श्रु’ आहे. पालीत शब्दाच्या आरंभी जोडाक्षर टिकत नाही, एक व्यंजन गळतं. पण आधी उपसर्ग किंवा ‘अ’ आला की ते आरंभी राहत नाही आणि गळलेलं व्यंजन दुहेरी होऊन परत दिसतं. श्रु: सुणाति, अस्सोसि. ज्ञा: ञात, पण पञ्ञा, अञ्ञासि. क्रम: कमति, पण पक्कमति, ‘पक्कामि’. त्यज: चजति, पण परिच्चजति. स्था: ठान, पण पतिट्ठान. सुत्तनिपाताच्या पारायनवग्गात बावरी या ब्राह्मण गुरूचे शिष्य उत्तरेकडे निघतात तेव्हा वाटेत जे पतिट्ठान येतं ते आपलं पैठण. त्याच्या पोटात हाच ‘ठा’ आहे.

मग नेहमीचं वाक्य: ‘येन भगवा तेनुपसङ्कमि, उपसङ्कमित्वा भगवन्तं अभिवादेत्वा एकमन्तं निसीदि.’ ‘तेनुपसङ्कमि’ हा एक शब्द नाही. तेन + उपसङ्कमि. आधी संधी सोडवा, मग उप आणि सं हे दोन उपसर्ग बाजूला काढा, मग प्रत्यय, उरतो ‘कम’. याच क्रमाने सोला: संधी, उपसर्ग, प्रत्यय, अंगाची खूण, धातू. प्रत्ययापासून सुरुवात केली की ‘तेनुपसङ्कम’ हाती येतं आणि पुढे रस्ता बंद होतो.

व्याकरणाच्या पुस्तकातच अडखळत असाल तर

जुन्या धातुपाठांत, म्हणजे धातूंच्या याद्यांत, ‘गम’ ऐवजी ‘गमु’ छापलेलं असतं, ‘पच्’ ऐवजी ‘पच’. पाली शब्द हलन्त (शेवटी स्वर नसलेले) नसतात, म्हणून धातूलाही स्वर लावून ठेवतात. तो रूपात येत नाही. तशीच प्रयोजकाची (दुसऱ्याकडून करवण्याच्या रूपाची) सूत्रं. ‘णे, णय, णापे, णापय’ असे प्रत्यय दिलेले दिसतात. यातला ‘ण’ फक्त ‘धातूचा स्वर लांबवा’ एवढं सांगायला आहे. कर + णे म्हणजे ‘कारेति’. वहीत ‘करणेति’ लिहू नये. ‘कारापेति’मधला ‘प’ पुढे प्राकृतात ‘व’ झाला आणि मराठीच्या ‘करविणे’त, गुजरातीच्या ‘करावे’त अजून आहे. मात्र शेवटी ‘एति’ दिसला की प्रयोजकच, असं धरू नका. देति, नेति, एति, सेति साधी आहेत. ‘चोरेति’, ‘कथेति’ चुरादि गणातली.

आख्यातांच्या, म्हणजे क्रियापदांच्या, प्रकरणात ‘पञ्चमी’ आणि ‘सत्तमी’ असे शब्द येतात. ती विभक्तीची नावं नव्हेत. तिथे पञ्चमी म्हणजे आज्ञार्थ आणि सत्तमी म्हणजे विध्यर्थ. हे ठाऊक नसेल तर त्या प्रकरणाचं एक पानही पुढे सरकणार नाही.

कोशाचंही तसंच. पाली टेक्स्ट सोसायटीचा १९२१ ते १९२५ मधला र्‍हीस डेव्हिड्स आणि स्टीड यांचा कोश क्रियापदं वर्तमानकाळाच्या तृतीयपुरुषी एकवचनाखाली देतो. परंपरेचे धातुपाठ धातूखाली. हातात कुठला आहे ते आधी बघा. हे सगळं मराठीतून समजून घेता येतं याचं थोडं श्रेय आपल्या गावालाही आहे. बौद्ध साहित्याचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी सिलोनला जाऊन पाली शिकून आले, आणि मराठी मुलखात राहून त्यांनी लिहावं म्हणून सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा ५० रुपये बांधून दिले.

दोन धातू, एक रूप

इथपर्यंत सगळं नीट करूनही चुकायला जागा राहते. धम्मपदाच्या अप्पमादवग्गात (वग्ग म्हणजे प्रकरण) २१वी गाथा आहे:

अप्पमादो अमतपदं, पमादो मच्चुनो पदं;
अप्पमत्ता न मीयन्ति, ये पमत्ता यथा मता.

इथे दोनच धातू आलटून पालटून येतात. ‘पमाद’ आणि ‘पमत्त’ हे ‘मद’चे, वर्तमानकाळात ‘पमज्जति’ (पुन्हा ‘ज्ज’, पुन्हा ‘द’). ‘अमत’, ‘मच्चु’, ‘मीयन्ति’, ‘मत’ हे ‘मर’चे. पण नुसतं ‘मत’ समोर आलं तर? ‘मर’चंही क.भू.धा.वि. ‘मत’ आणि ‘मन’चंही ‘मत’: मेलेला किंवा मानलेला. ‘पमज्जति’चं पण तसंच, त्याचा दुसरा अर्थ ‘पुसून काढतो’, तो धातूच निराळा. तिथे क.भू.धा.वि. सोडवतं: बेसावध माणूस ‘पमत्त’, पुसलेली जागा ‘पमज्जित’.

त्याच वग्गातली २९वी गाथा ‘अप्पमत्तो पमत्तेसु, सुत्तेसु बहुजागरो’ अशी सुरू होते. नव्या वाचकाने इथे ‘सुत्तांमध्ये फार जागा राहणारा’ असा अर्थ केलेला मी ऐकला आहे, आणि अभ्यासू माणसाला तो आवडतोही. पण हा ‘सुत्त’ म्हणजे सुप + त, झोपलेला. झोपलेल्यांमध्ये जागा. पुढे ‘हित्वा याति सुमेधसो’ येतं. तिथला ‘हित्वा’ हिताचा नाही, धातू ‘हा’, वर्तमानकाळात ‘जहाति’, उपसर्गासह ‘पजहति’, ‘पहाय’, ‘पहीन’. कमजोर घोड्याला वेगवान घोडा मागे टाकून जातो, तसा शहाणा बाकीच्यांना मागे टाकून जातो.

‘मत’, ‘सुत्त’, ‘पमज्जति’ अशा रूपांचा निवाडा शब्दावरून होत नाही, वाक्यावरून होतो. त्यामुळे अडलेलं क्रियापद कुणाला विचारायचं असेल तर सुटा शब्द पाठवू नका. पूर्ण ओळ पाठवा, ती कुठल्या सुत्तातली ते लिहा, आणि संधी, उपसर्ग, प्रत्यय यांपैकी तुमचं काय काढून झालं आहे तेही सांगा.